खालच्या टाक्याशी

पोरीचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा बापाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता ऑपरेशनला पाच दिवस झाले होते, अंगात ताप नव्हता आणि सकाळच्या फेरीत तरुण डॉक्टरांनी घरी सोडायच्या कागदावर सहीसुद्धा करून टाकली होती. नऊ वर्षांची लेक पलंगावर चपला घालून तयार बसली होती.

बाप पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून, म्हणजे वाइंडिंग करून द्यायचा. मोटार तापतेय का हे तो नेहमी उलट्या हातानं बघायचा, कारण तळवा कामानं इतका जाड झाला होता की त्याचा भरवसा राहिला नव्हता. ही खोड अंगात मुरलेली. "मी रागावलेय का तेसुद्धा हात लावूनच बघतात," असं बायको शेजारणींना सांगायची.

लेकीचा फ्रॉक सारखा करताना त्याचा उलटा हात पट्टीच्या कडेला लागला आणि तिथेच थांबला. वरच्या बाजूला ठीक होतं. खालच्या टाक्याशी मात्र कातडी चांगलीच तापली होती.

"दुखतंय का गं?"

"नाही." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"खरं सांग."

"बाबा, कुणाला सांगू नका ना. मला घरी जायचंय."

डॉक्टरांच्या सहीपुढे मोटारवाल्याच्या हाताला कोण विचारतो? शिवाय पोर अशी बघत होती की दगडालाही पाझर फुटावा. तरी तो उठला आणि सिस्टरांकडे गेला.

सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या फौजदार. "पट्टीला हात लावलात?"

"कडेला लागला. साबणानं धुतलेला होता. खालची बाजू गरम आहे, सिस्टर. आणि पोरगी दुखणं लपवतेय."

"तापाची नोंद तर नाही," तक्ता बघत त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुखण्याचं औषध चालू आहे. त्यानं तापही दबतो."

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पट्टी काढली, खालचा एक टाका सोडला, तर आतून पू आला. "अपेंडिक्स फुटलं की मुलांमध्ये होतं असं. अजून वरवर आहे. घरी जाऊन चिघळलं असतं तर निस्तरणं अवघड झालं असतं."

घरी सोडायचा कागद रद्द झाला. लेकीनं बापाकडे पाठ फिरवली. रोज जखम धुताना ती सिस्टरांचा हात घट्ट धरायची, बापाचा नाही. ते त्याला फार लागायचं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पलंगावरची दोन वेण्यांची मुलगी घरी निघाली. तिचंही अपेंडिक्सच. सिस्टरांनी विचारलं, "कुठं दुखत नाही ना?"

"छे."

"खोटं बोलतेय ती," लेक आपल्या पलंगावरून म्हणाली. "मघाशी कूस बदलताना रडत होती. मीपण अशीच खोटं बोलले होते."

सगळ्या वॉर्डासमोर पोरीनं आपली चूक अशी सरळ सांगून टाकली. बापाची छाती अभिमानानं भरून आली, आणि डोळेही. सिस्टरांनी त्या मुलीची पिशवी खाली ठेवली आणि पट्टी सोडायला घेतली.

वेण्यावालीनं रागानं भिंतीकडे तोंड केलं.

"दोन दिवस बोलू नकोस माझ्याशी," लेक तिची समजूत घालत म्हणाली. "मीपण बाबांशी बोलले नव्हते. पण ते बरोबर होते."