तवंग माझ्याच काठाचा

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे, आणि मित्रांनो, मला लाज वाटते. ही गोष्ट शेवटी सांगायची असते, पण मी पहिल्याच ओळीत सांगून टाकली. उशिरा सांगितल्याने काय होतं ते मी चांगलं भोगलंय.

पत्र्याच्या एका गोल चकतीवर यंत्राचा दणका बसला आणि माझा जन्म झाला. मग कुणाचं बोट कापू नये म्हणून माझा काठ बाहेरच्या बाजूला वळवला. हा वळवलेला काठ लक्षात ठेवा हं! सगळं रामायण त्याच्याखालीच घडलं. गडहिंग्लजच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात आम्ही सहाजणी एकीत एक बसून होतो. तिथून आक्कांनी आम्हाला उचललं. आक्का म्हणजे विजयसिंहांची थोरली बहीण. विजयसिंहांच्या मुलीचं, म्हणजे आक्कांच्या भाचीचं, स्वप्नालीचं, कोल्हापुरात बारसं होतं. खरं तर तिने त्यांना आत्या म्हणायला हवं, पण पप्पा आक्का म्हणतात म्हणून तीही आक्काच म्हणते.

चौदा वर्षं मी त्या घरच्या स्वयंपाकघरात काढली. माझं काम मानाचं होतं. रविवारी तांबडा रस्सा उकळला की वर लालभडक तेलाचा कट येतो. तो कट पळीने अलगद काढून माझ्यात ठेवायचा, म्हणजे ज्याला जेवढा झेपेल तेवढा त्याने वरून घ्यावा. पाहुणे आधी मला शोधायचे, मग ताटाकडे बघायचे. "वाटी सरकवा की इकडं, एकटंच संपवताय व्हय!" अशी माझ्यावरून भांडणं व्हायची. मी फुगून जायचे. ज्या भांड्याला रोज शाबासकी मिळते ते स्वतःकडे कधी बघत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

गेल्या वर्षी पप्पांनी स्वप्नालीला फिशटँक आणून दिला. तीन फुटांची काच, तळाशी काळी माती, त्यात हिरव्यागार पाणवनस्पती आणि त्यांच्यातून सुळसुळणारे वीस निऑन मासे. स्वप्नाली शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर आणि नाक काचेवर! पण महिनाभरात पाण्यावर एक पातळ पापुद्रा धरू लागला. दुधावर साय धरते ना, तसा; फक्त चकचकीत आणि जांभळट. कुजलेली पानं, उरलेलं खाणं आणि न हलणारं पाणी, एवढं असलं की हा तवंग येतो. दिसायला तो निरुपद्रवी असतो, पण तो पाण्यावर झाकणासारखा बसतो आणि वरची हवा खाली जाऊच देत नाही.

स्वप्नालीने मोबाईलवर उपाय शोधला. वाटी सरळ धरायची आणि तिचा काठ पाण्याच्या केसभर खाली न्यायचा. मग तवंग आपणहून घसरत वाटीत येतो. तिला हलकी वाटी हवी होती. तिने मला उचललं.

आता आई काय म्हणाली होती ते ऐका. "त्या फिशटँकातलं काय बी माझ्या ओट्यावर आणायचं न्हाय, आधीच सांगून ठेवते!" म्हणून स्वप्नाली मला गुपचूप न्यायची, तवंग काढायची, नळाखाली धरायची आणि परत मांडणीत ठेवायची. पहिल्यांदा माझ्यात तवंग सरकला तेव्हा ती टाळ्या पिटत नाचली. "वाटी, तू भारी आहेस!" मी पुन्हा फुगले. स्वयंपाकघरात मान होताच, आता दिवाणखान्यातही!

आणि मग पहिला सोमवार आला. आदल्या दिवशी मी कटाने भरलेली होते. घासताना घासणी माझ्या पोटातून गरगर फिरली, पण काठाखाली कुणाचंच बोट गेलं नव्हतं. सकाळी स्वप्नालीने मला पाण्यावर टेकवलं आणि माझ्या काठाखालून तेलाचा एक बारीक थेंब सुटला. थेंब कसला, कणच. पण तेलाचा कण पाण्यावर थांबतो होय? बघता बघता तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. स्वप्नाली काढत होती आणि मी सोडत होते.

मला कळलं होतं, मित्रांनो. मला तेव्हाच कळलं होतं.

सोमवारी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. स्वप्नालीला वाटलं, भूक लागली. तिने आणखी खाणं टाकलं, त्याने तवंग आणखी जाड झाला. एके सोमवारी दोन निऑन उलटे तरंगताना सापडले. तिने ते कुंडीत पुरले. मी मांडणीत चमकत होते.

याच दिवसांत आक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात आल्या. एक डोळा झाला होता, दुसऱ्याची तारीख अजून पुढे होती. वेळ जावा म्हणून त्या फिशटँकसमोर बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, ह्यास्नी कणकेच्या गोळ्या टाकू काय? आमच्याकडं नदीवर टाकत्यात, पुण्य लागतं."

"अजिबात नको हं आक्का! पाण्यावर साय धरते."

"बरं बाई, न्हाय टाकत. बसून बघती नुसती."

आणि त्या नुसत्या बघत बसल्या. मी साक्षीला आहे.

त्याच आठवड्यात स्वप्नालीने वर्गात आपल्या फिशटँकचं इतकं गुणगान गायलं की विज्ञानाच्या मैथिली मॅडम चार मुलींना घेऊन बघायला आल्या. वार सोमवार. सकाळी मी माझं काम उरकलं होतं आणि गडबडीत स्वप्नाली मला टाकीशेजारीच विसरली होती.

"अगं, तू तर म्हणालीस पाणी आरशासारखं आहे," मॅडम वाकून बघत म्हणाल्या. "हा कसला तवंग?"

"आरशाला तेल लावलंय वाटतं हिनं!" एक मुलगी म्हणाली. बाकीच्या खुदखुदल्या.

स्वप्नालीचे कान लाल झाले. सोफ्यावर आक्का काळा चष्मा लावून बसल्या होत्या. स्वप्नालीने तिकडे हात केला. "मॅडम, आमच्या आक्का टाकतात कणकेच्या गोळ्या. कितीदा सांगितलं! त्यांना दिसत नाही आणि त्या ऐकतही नाहीत."

"मी? मी न्हाय बाई काय टाकलं."

"मग कुणी टाकलं? तूच विचारलं होतंस ना पहिल्या दिवशी?"

"इचारलं व्हतं की. तू नको म्हटलीस. टाकायचं असतं तर इचारलं कशाला असतं?"

मुली खाली बघू लागल्या. मी टाकीच्या अगदी कडेला होते. वाटीला पडल्यावरच आवाज फुटतो. टेबल कुणाच्या धक्क्याने हललंही होतं, पण मी गच्च बसून राहिले. माझ्याकडे कुणी बघत नाही, याचं मला बरं वाटलं. बरं वाटलं! अजून ते आठवलं की माझा पत्रा गरम होतो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आक्कांनी पिशवी भरली. पप्पा दारात उभे. "आक्का, असं काय करतीस? दोन आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख हाय की! पोरगी बोलली असंल काय तरी."

"एका डोळ्यानं बी माझं घर दिसतंय मला," आक्का म्हणाल्या आणि एसटीने गडहिंग्लजला निघून गेल्या. आईने फोन केले, पप्पांनी केले. आक्कांचं एकच उत्तर, "बघू." डॉक्टरांनी तर बजावून सांगितलं होतं, दुसरा डोळा लांबवू नका.

पुढचा रविवार आला, रस्सा झाला, माझ्यात कट आला. सोमवारी सकाळी स्वप्नालीने दिवा लावला आणि ती बघतच राहिली. आक्का गडहिंग्लजला, तवंग मात्र कोल्हापुरात! नेहमीपेक्षा चांगला जाड.

ती खुर्चीवर बसली. त्या संध्याकाळी तिने मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि मासे जिथून आणले होते त्या दुकानात गेली. दुकानदार गुंडूमामा जाळीने मासे पकडत होते.

"मामा, तवंग जातच नाही. रोज काढते तरी."

"पाणी हलतंय काय? फिल्टरचं तोंड जरा वर घे. वरचं पाणी थरथरलं पायजे. थांबलं की साय धरणारच." मग ते म्हणाले, "काढतीस कशानं?"

तिने मला पुढे केलं. मामांनी मला उजेडात फिरवलं, वास घेतला आणि अंगठ्याचं नख माझ्या काठाखालून गोल ओढलं. नखावर पिवळट-तांबडी रेघ आली.

"अगं ए पोरी!" मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं वळली. "माशास्नी तांबडा रस्सा पाजतीस व्हय?"

सगळं दुकान हसलं. स्वप्नाली हसली नाही. तिने मला मामांच्या हातातून घेतलं आणि स्वतःचं बोट काठाखालून फिरवलं. एकदा, दोनदा. मग बोटाकडे बघत म्हणाली, "मी आक्काला सगळ्यांसमोर खोटं पाडलं."

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी. "म्हंजे दोन-तीन महिनं आम्ही माशाच्या वाटीतला कट खाल्ला?"

"तरीच रस्सा एवढा भारी लागत व्हता की!" पप्पा आतून म्हणाले.

आईने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग ती स्वप्नालीला म्हणाली, "फोनवर माफी मागू नकोस. चार माणसांत बोललीस, चार माणसांत माग."

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने मॅडमना आणि त्या चार मुलींना खरं काय ते सांगितलं. रविवारी ती पप्पांबरोबर गडहिंग्लजला गेली. मला तिने सोबत घेतलं होतं, पुरावा म्हणून. आक्का घरापुढच्या सोप्यात, पडवीत, शेजारणींबरोबर शेंगा फोडत बसल्या होत्या. स्वप्नाली पाया पडली आणि तिने मला पिशवीतून काढून खाली ठेवलं.

"आक्का, तू गोळ्या टाकल्या नव्हत्यास. या वाटीच्या काठाला तेल होतं. वाटी मीच चोरून नेत होते. चूक माझी होती."

आक्का शेंग फोडत राहिल्या. "जरा मोठ्यानं बोल. बनाबाईला कमी ऐकू येतं."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बनाबाईंनी कानामागे हात धरला. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने छाती भरून श्वास घेतला आणि ती ओरडली, "चूक माझी होती! मी आक्कावर खोटा आळ घेतला!"

गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. "कळलं, कळलं," बनाबाई म्हणाल्या, "वरडतीस कशाला?"

आक्कांनी फोलपटं पदरातून झटकली. मग मला उचलून माझ्या काठाखालून बोट फिरवलं, आणि त्या भावाकडे वळून म्हणाल्या, "विजू, डोळ्याची तारीख परवाची न्हवं? मग आपली शेवटची गाडी चुकाया नगं."

मंगळवारी आक्कांचा दुसरा डोळा झाला. आता फिल्टरचं तोंड वर आहे, पाणी थरथरतं, निऑन वर येऊन तोंडं उघडत नाहीत. मी स्वयंपाकघरात परत गेले नाही. दातांच्या जुन्या ब्रशने माझा काठ रगडला जातो आणि मी फक्त टाकीपाशी असते. कुणी कौतुक केलं की आता फुगत नाही, उलट अंग चोरून बसते.

मित्रांनो, भांडं घासाल तेव्हा जिथे कुणी बघत नाही तिथेही बोट फिरवा, एवढं तर मी मागतेच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. आपली चूक घरातल्या अशा माणसाच्या नावावर खपवू नका, ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं. त्याला कमी दिसत असेल, पण आपण काय बोललो ते त्याला सगळं ऐकू येतं.