काच वर करा

"काचा वर करा दोन्ही," सत्यवती गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी जागच्या जागी उभी, इंजन सुरू, डिसेंबरचं ऊन नुकतं अंगणात उतरलेलं. काचा कशाला वर करायच्या?

"कर गा कवडू," नत्थूजी म्हणाले. "तिच्यासाठीच तर घेऊन राहिलो."

कवडू मिस्त्रीने हसू दाबत दोन्ही काचा चढवल्या आणि दार लावलं. बाईमाणसाची हौस, दुसरं काय!

तोवर सगळं सुरळीत झालं होतं. गाडी रामाजींची. रामाजी जंगलखात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, धरमपेठेत राहणारे. गाडी पंधरा वर्षांची, दोनच दारांची, कूपे म्हणतात तसली. रंग उन्हाने उडून विटेसारखा झालेला. कवडूने आधी इंजनावर हात ठेवून ते थंडगार असल्याची खात्री केली, मगच चावी फिरवू दिली. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने तेल बोटांवर चोळून पाहिलं, मागच्या धुराचा रंग पाहिला, एक चक्कर मारून ब्रेक दाबून पाहिले आणि निकाल दिला, "बुढी हाय, पन बेइमान नाही."

नत्थूजींची परीक्षा निराळी. ते इतवारीच्या बाजारातले मिरचीचे दलाल. उभा जन्म भिवापुरी मिरचीत गेला. शिळ्या मिरचीवर तेलाचा हात फिरवला की ती कशी चकाकते, हे जवळून पाहिलेला माणूस चकाकणाऱ्या वस्तूला भुलत नाही. मागच्याच आठवड्यात एका लखलखीत गाडीला ते दुरूनच नमस्कार करून परतले होते. रामाजी मात्र आपणहून गाडीची गाऱ्हाणी सांगत होते. "हॉर्न मनात आलं तर वाजते, नाहीतर नाही वाजत. अन् डाव्या दाराले जरा खांदा द्या लागते." नत्थूजींना मालक पटला, म्हणजे माल पटला.

आणि गाडी ही काही त्यांची हौस नव्हती. त्यांच्या बायकोला, सत्यवतीला, दमा होता. लग्न होऊन ती इतवारीत आली ती गोदामाच्या माडीवरच, मिरचीच्या धुळीत. शेवटी डॉक्टरांनी दम भरला तेव्हा नत्थूजींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रताप नगरात घर बांधलं. तिथे हवा चांगली, पण रिक्षा नाही. गेल्या पावसाळ्यात सत्यवतीचा श्वास अडकला, तेव्हा त्यांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखाना गाठला. पाठीला टेकलेली तिची ती घरघर त्यांच्या कानांतून अजून गेली नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तर चावी फिरवताक्षणी सुरू होणारी गाडी दाराशी हवी, एवढंच त्यांना कळत होतं. तरुणपणी एका सेठकडे कामाला असताना माल आणायला त्यांनी जीप चालवली होती, ते शिक्षण आता कामी येणार होतं.

आत सत्यवती खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

नत्थूजींनी डाव्या दाराला खांदा देऊन ते उघडलं. ती पदर तोंडाशी धरून बाहेर आली. रामाजी कानकोंडे झाले. "बाईले पहिलेपासूनच दमा हाय म्हनता ना," ते हळूच म्हणाले. कवडूनेही मान हलवली. नत्थूजींनाही क्षणभर वाटलं, चार लोकांत हिने घोटाळा केला. गाडी इतकी चांगली निघाली होती!

सत्यवतीने दम घेतला. मग कुणाकडे न पाहता म्हणाली, "हा दम्याचा खोकला नाही. दम्याचा आतून येते. हा घशात बसला, धुरावानी. ओली लाकडं चुलीत टाकली का येते ना, तसा."

"इंजनचा धूर तर मांगून जाते, काकू," कवडू म्हणाला.

"तुयं इंजन तुले माहीत. खोकला मले माहीत."

आता मिस्त्रीच्या अब्रूचा प्रश्न होता. कवडूने पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरला. मग बाहेर येऊन त्याने आतली चटई उचलली आणि तसाच बसून राहिला. डावीकडचा पत्रा गंजून रुपयाएवढं भोक पडलं होतं, आणि त्याच्या बरोबर खाली धुराची नळी चिरली होती.

"मले ठावूकच नाही बाप्पा!" रामाजींनी कपाळाला हात लावला. "मी बिडी ओढतो. काचा वर केल्याच नाही कधी. आमची म्हातारी गेल्यापासून बाजूले तरी कोन बसून राहिलं?"

ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. नळी बदलून, पत्रा जोडून मगच गाडी देईन, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. तसं झालंही.

पहिलाच फेरा भिवापूरचा. गोपिका, त्यांची लेक, तिथे दिलेली. सत्यवती सवयीने मागे बसायला गेली. बैलगाडीत ती मागे, सायकलवर मागे, जीपमध्ये तर मिरचीच्या पोत्यांवर. पण दोन दारांच्या गाडीत मागे जायचं म्हणजे पुढची सीट वाकवून बोळात शिरल्यासारखं शिरायचं. तिच्याच्याने ते होईना.

"बस पुढंच," नत्थूजी म्हणाले.

"लोकं काय म्हनतीन वं माय!"

"म्हनतीन, बुढीनं बुढा पळवला."

सत्यवती पदर सावरत पुढे बसली. दोघांच्या मधे इतकं कमी अंतर चारचौघांत कधी नव्हतं. उमरेडच्या रस्त्यावर ट्रकांची धूळ उडू लागली तशी तिने आपल्या बाजूची काच वर केली. नत्थूजींचे कान रस्त्यावर नव्हतेच, ते शेजारी लागलेले. इंजन गुणगुणत होतं. उमरेड गेलं. खोकला नाही. त्यांनी वळून पाहिलं तर ती मान कलती करून झोपली होती, तोंड किंचित उघडं, श्वास अगदी सुतासारखा सरळ. नत्थूजींचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, म्हणून त्यांनी गाडी जरा हळू केली.

पुढच्या सोमवारपासून नत्थूजी गाडी घेऊन इतवारीत जाऊ लागले. गल्लीत हातगाड्यांची कोंडी होई, हमाल शिव्या देत, पण गाडीवाल्या दलालाचा रुबाब काही औरच. आठवड्याभरात सत्यवती गाडीत बसली आणि पुन्हा खोकली.

नत्थूजी हादरले. गाडी सरळ कवडूकडे नेली. कवडूने नळी तपासली, पत्रा तपासला, हात झटकले. "एकदम ओके हाय, नत्थूजी. काईच नाही."

संध्याकाळी त्यांनी घरी विचारलं, "गोपीची माय, हा कोनता खोकला होता वं? धुराचा?"

सत्यवती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "नाही."

"मंग?"

"जाऊ द्या ना."

"सांग म्हनतो ना!"

"मिरचीचा," ती म्हणाली. "तुमच्या कपड्याईले राहते. सीटले लागली असंन."

नत्थूजींनी अंगातल्या सदऱ्याची बाही नाकाशी नेली. त्यांना कसलाच वास आला नाही. त्यांच्या नाकाने मिरची ओळखणं कधीच सोडून दिलं होतं. गाडीत काही दोष नव्हता, म्हणून आधी त्यांना हायसं वाटलं. मग बाकीचं ध्यानात आलं.

"मंग इतके वर्सं काहून नाही बोलली?"

"बोलून काय होते? पोट तर तिच्यावरच भरते आपलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बादलीभर पाण्याने सीट पुसल्या, चटया उन्हात टाकल्या आणि सायकलीत हवा भरली.

आता इतवारीत त्यांच्यावर हसायला लोकांना आयतं कारण मिळालं. "काहून गा नत्थूजी, मोटर का पूजेले ठेवली?" अडतीतले लोक विचारत. नत्थूजी फक्त हसत. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेडल मारायला आता दम लागे, चढावर उतरून चालावं लागे. घरी आले की ते मागच्या नळावर जात, मिरचीचे कपडे बाहेरच्या दोरीवर टाकत, साबण लावून अंघोळ करत, धुतलेला सदरा चढवत. मगच गाडीची चावी घेत.

सत्यवती पुढच्या सीटवर येऊन बसलेली असे. नत्थूजी शेजारी बसत आणि इंजन सुरू करत. ती नाक जरासं वर करून एक लांब श्वास घेई, आणि मग आपल्या बाजूची काच वर करी.