थुआमीची मूठ

अरे ए, त्या डब्यात नट टाकू नको! खोकं आहे तिकडं, त्यात टाक. त्या डब्याला माझी बायकोसुद्धा मला विचारल्याशिवाय हात लावत नाही. आता लावलास ना? मग ऐकावंच लागेल. बस त्या टायरवर. तुझ्या चाकातला खिळा सापडेपर्यंत एका म्हातारीची गोष्ट सांगतो. चहा घे. दूध नाही, गूळ आहे.

हा डबा थुआमीचा, तिच्यामागं माझ्याकडं आला. सगळं गाव तिला पी थुआमी म्हणायचं, आजीला म्हणतात तसं. हाडं मोजून घ्यावीत अशी बाई, पण तोंड म्हणजे मिरची. गालात कायम तंबाखूचं पाणी. ते तोंडात असेपर्यंत आपण बोलून घ्यायचं. एकदा थुंकली, की पळायचं.

बांबूला फुलं आली ते साल. फुलामागून बी येतं, बी खाऊन उंदीर माजतात, आणि बी संपलं की भातावर पडतात. आजोबा सांगायचे, आम्ही हसायचो. एक दिवस सकाळी डोंगरावर शेतात गेलो तर नुसत्या काड्या उभ्या. लोंबी एक नाही. माझा दांडगा भाऊ तिथंच मटकन खाली बसला.

आता आमच्यात एक रीत आहे. भात टाकायच्या आधी बाई तांदळातली एक मूठ काढून डब्यात ठेवते. ती देवाची. दोनदा भात, दोन मुठी. शनिवारी चर्चच्या मंडळीतल्या बायका पोतं घेऊन दारोदार जातात आणि डबे रिकामे करतात. गावातली शाळा त्या मुठींवर उभी राहिली, चर्चचं छप्परही. पोतं वाहायला माझा टेंपो असायचा. माझी बायको मुआनी त्या बायकांची म्होरकी, आणि मी हमाल.

त्या उंदरांच्या साली एका शनिवारी मुआनी मला म्हणाली, "थुआमीच्या दारापुढनं जाताना हॉर्न वाजवू नका. तिथं थांबायचं नाही."

"का? भांडलात का?"

"उपा चुआंगा म्हणाले. म्हातारी आठ-दहा दिवस कंद उकडून खातेय. डबा रिकामा पुढं करायची लाज नको तिला."

उपा म्हणजे आमच्या मंडळीतले वडील. चुआंगा माणूस वाईट नव्हता, उलट फार कनवाळू. पण कनवाळू माणूस चुकला ना, की त्याला सांगायची चोरी होते. मी इंजिन बंद केलं आणि टेंपो उतारानं तसाच सोडला, चोरासारखा. आरशात पाहिलं तर म्हातारी दारात उभी, हातात हाच डबा. तिला वाटलं, ब्रेक लागत नाहीत. मागनं ओरडली, "खुमा, दगड लाव चाकाला!"

पुढच्या शनिवारी ती रस्त्याच्या मधोमध बसली. मी करकचून ब्रेक दाबला.

"काय गं मुआनी, माझं दार काय ढगात गेलं?"

मुआनी खाली उतरली. "पी, यंदा तुमचं राहू द्या. उपा म्हणाले, देवाला सगळं समजतं."

म्हातारी थुंकली. मी मनात म्हटलं, झालं.

"देवाला समजतं तर देवानं येऊन सांगावं. चुआंगा कोण लागून गेला? त्याचे लंगोट मी धुतलेत! घे डबा."

मुआनीनं झाकण उघडलं. आत वाळवलेल्या रानकंदाच्या चकत्या होत्या. चुलीवर धुरावून काळ्या पडलेल्या.

"पी, हे कंद आहेत."

"आंधळी नाही मी. भात शिजवला तर भाताची मूठ, कंद शिजवला तर कंदाची. चूल पेटली ना माझी?"

"तांदळात मिसळलं तर सगळं पोतं खराब होईल."

"मग दुसरं पोतं आण!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक तरुण सून खुदकन हसली, तिच्याकडं म्हातारीनं असं बघितलं की पोरीनं ओढणी तोंडात कोंबली. शेवटी मुआनीनं डबा तसाच परत तिच्या हातात दिला. म्हातारीनं झाकण लावलं आणि रस्ता सोडला. मला तेच वाईट वाटलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो असतो त्या दिवशी.

तुला वाटेल, एवढं काय त्यात? थांब, तो पाना दे. हां.

तिनं देवाला जीव कसा वाहिला होता ते मी डोळ्यांनी पाहिलंय. झाड पाडताना तिचा नवरा खाली सापडला. तीन महिन्यांत तापानं पोरगी गेली, एकुलती एक. त्या रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायकांनी रुमाल काढून ठेवलेले, थुआमी आली की रडायचं म्हणून. थुआमी आली, रडली नाही. उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "नवरा नेलास, पोरगी नेलीस. मला कशाला मागं ठेवलंस? अर्धं काम करू नको. आजपासून मीही तुझी. सांभाळ नाहीतर मोड, पण आता परत देऊ नको." आणि खाली बसली. ढोलवाल्याच्या हातातली काठी तशीच राहिली. लोक गुडघ्यावर येऊन, आसवं गाळून जीव वाहतात. असा भांडून वाहिलेला मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून तिची एक मूठ चुकली नव्हती. आणि आता मंडळी तिला सांगत होती, तुझं नको. म्हणजे तिच्या लेखी देवच म्हणत होता, घे बाई, तुझं तुला परत.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी म्हातारी डबा घेऊन मधल्या वाटेनं सरळ पुढं गेली. चुआंगा उभाच होता.

"पी, बसून घ्या."

"डबा घे, बसते."

"पी, सरकारी तांदूळ येतोय. तुम्हाला पहिला देऊ."

"दे, घेईन की. मी काय गर्वानं मरतेय? त्यातलीही मूठ काढीन."

"आम्हीच द्यायचा आणि आम्हीच परत घ्यायचा? काय अर्थ आहे?"

"फिरू दे की! तुझ्या खिशातनं जातंय का? घेणाऱ्याच्या हातानंही द्यायला नको? मी त्याला जीव दिलाय, चुआंगा, आणि तू मला कंदाला अडवतोस?"

"नियम तांदळाचा आहे," चुआंगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मग मी उभीच आहे."

आणि उभी राहिली. ढोल वाजला, पहिलं गाणं झालं, प्रार्थना झाली, म्हातारी उभी. पाळकबाबा प्रवचन द्यायला आले, दोनदा घसा खाकरला, आणि तिच्या डोक्यावरनं बोलायला लागले. आता गंमत बघ. एवढी म्हातारी बाई समोर उभी, तर चुआंगा बसणार कसा? तोही उभा. दोघं एकमेकांसमोर, दोन रेड्यांसारखी. मी मागच्या बाकावर. शेजारच्यानं मला कोपर मारलं, "कोण पडेल रे आधी?" मी म्हटलं, "गप. पडली तर मी उचलायला जाईन, आणि ती मलाच मारेल."

शेवटच्या गाण्यात चुआंगा पुढं आला. डबा घेतला, दानाच्या टेबलावर गेला आणि सगळ्या चकत्या पांढऱ्या कापडावर ओतल्या. रिकामा डबा दोन्ही हातांनी तिला परत दिला.

म्हातारी म्हणाली, "आता माझी जागा दाखव. गुडघे गेले मेल्यापायी."

खरी गोष्ट पुढंच आहे. पुढच्या शनिवारी दारोदार गेलो तर एका घरातनं कंद निघाले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अर्धं गाव कंद खात होतं रे, आणि कोणी कोणाला सांगत नव्हतं. काय सांगू, आमच्या घरीही तेच. मुआनी बियाणाचं भात कांडून मूठ भरत होती, म्होरकीचा डबा रिकामा दिसू नये म्हणून. मला माहीत होतं, मी बोललो नव्हतो. त्या शनिवारी तिनं बियाणाला हात लावला नाही. पुढच्या साली आम्ही पेरलं ते त्यामुळं.

थुआमी गेली परवाच्या थंडीत. सकाळी धूर दिसला नाही म्हणून मुआनी गेली. चूल रचलेली, पातेल्यात पाणी, काडी ओढलेली नव्हती. तांदूळ सुपात तसाच. पण मूठ आधी काढून ठेवलेली होती, डब्यात.

झालं तुझं चाक. खिळा हा बघ, केवढा. पैसे राहू दे. एक काम कर. आज शनिवार आहे, आणि माझ्या गुडघ्याला तो चढ झेपत नाही. तू गावावरनंच जाणार. हा डबा घे, आठवड्याच्या मुठी आहेत. खाली थोडे कंदही आहेत, मी मुद्दाम ठेवतो. चर्चच्या पायरीवर बायका पोतं घेऊन बसल्या असतील, त्यांना दे. आता नवीन पोरी आहेत, कंद बघून नको म्हणतील. म्हणाल्या तर डबा गाडीत परत ठेवू नको. तिथंच उभा राहा.