ठिपका कुठे ठेवायचा

यू-पिन सरळ करून त्याने सीडी ड्राइव्हच्या समोरच्या बारीक भोकात घातली आणि हलकेच दाबली. कट्ट झालं. ट्रे नखभर बाहेर आला. उरलेला त्याने दोन बोटांनी ओढून काढला, आतली धूळ फुंकली आणि बायकोच्या कपाटातून आणलेली सीडी त्यात ठेवली.

"आला का बाहेर एकदाचा?" मेव्हणीने दारातून विचारलं. ती वरच्या मजल्यावर राहायची आणि रोज दुपारी चहा घेऊन खाली यायची. "सकाळपासून त्याच्याशी भांडताय. तो काय माझी बहीण आहे, ऐकून घ्यायला?"

तो हसला नाही, पण चहा घेतला.

खोली लहान होती. बायको इथे मुलांना व्हायोलिन शिकवायची. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून खिडकीपुढे कपाट सरकवलेलं होतं, ते अजून तसंच होतं. कॉम्प्युटर त्याने माळ्यावरून काढला होता. शाळेने तिला फार पूर्वी सुरांची लिपी छापायचं सॉफ्टवेअर दिलं होतं, ते नव्या लॅपटॉपवर चालत नव्हतं. लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती.

हिरवी पट्टी बासष्ट टक्क्यांपर्यंत गेली आणि थांबली. तो बघत बसला. खुर्ची, टेबल आणि कपाट यांच्यामध्ये त्याचे गुडघे जेमतेम मावत होते. अर्ध्या तासाने पट्टी पुढे सरकली आणि नंबर मागायला लागली. सीडीच्या खोक्यावरच्या चिकटपट्टीवरचा नंबर पुसट झाला होता. त्याने भिंग लावून वाचला. शेवटी तीन होता की आठ, ते कळेना. तीन घातला, नंबर चुकीचा आहे असं आलं. आठ घातला, पुढचं पान उघडलं.

"बघा," मेव्हणी म्हणाली, "शहाणं आहे हो."

ही गोष्ट दहा दिवसांपूर्वीची.

तो आयुष्यभर कारखान्यात लेथवर टर्नर होता. सुरांमधलं त्याला काही कळत नसे. बायको सराव करत असली की तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचा, आणि कसं वाटलं विचारलं तर चांगलं म्हणायचा. पण यंत्राच्या भागांचं ड्रॉइंग त्याला वाचता यायचं, आणि ही लिपीही त्याला तशीच दिसली. पाच रेघा, रेघेवर किंवा दोन रेघांमधल्या जागेत ठिपका, ठिपक्याला शेपूट असलं तर आखूड, नसलं तर लांब. तिच्या वहीतली शेवटची चार पानं तो एकेक ठिपका मोजून पडद्यावर उतरवत होता. दिवसाला पाच-सहा ओळी व्हायच्या. तिने दवाखान्यात जायच्या आधीच्या महिन्यात व्हायोलिनसाठी काहीतरी लिहिलं होतं आणि ते कुणीच वाजवलेलं नव्हतं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तिच्या आठवणीचा कार्यक्रम होता. तिची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवणारी, तिथे हे वाजवणार होती. मागच्या महिन्यात ती घरी आली, वहीतून वाजवून पाहिलं आणि तिसऱ्या पानावर थांबली. इथे बाईंचा हात थरथरलाय, म्हणाली. तिने पेन्सिलने तिथला ठिपका वर रेघेवर नेला आणि परत वाजवलं. ऐकायला गोड वाटलं. त्याने वही तिच्या हातातून काढून घेतली आणि पेन्सिलची खूण खोडरबराने पुसली.

ड्रॉइंगमध्ये असेल तेच करायचं, तो तिला म्हणाला. आपल्याला बरं वाटतं म्हणून माप बदलायचं नसतं.

"बरोबर आहे, काका," ती शांतपणे म्हणाली. "मग ड्रॉइंगमध्ये काय आहे?"

तो म्हणाला, मी नीट प्रत करून देतो, तू तीच वाजव. तिने कबूल केलं. शुक्रवारी सकाळपर्यंत मिळाली तर सराव होईल, नाहीतर तिच्या फोनमध्ये वहीचा फोटो होताच, ती आपल्या समजुतीने वाजवेल.

आज गुरुवार होता, आणि तिसऱ्या पानाच्या चौथ्या ओळीतल्या त्याच ठिपक्यावर तो पाच दिवस अडकून पडला होता.

भिंग लावून पाहिलं तर ठिपका अर्धा रेघेवर होता आणि अर्धा खालच्या जागेत. त्याने अवजारांच्या पेटीतून केसभर माप घेणारा व्हर्निअर काढून मोजलं. शाई जितकी वर, तितकीच खाली. त्या पानावरचे बाकीचे ठिपकेही कलते होते, पण कुणाचा तोल कुठे जातोय ते दिसत होतं. हा नेमका मधोमध होता. पडद्यावर तो मधोमध ठेवायला गेला की टुणकन वर जाऊन बसायचा, नाहीतर खाली. मध्ये थांबायची सोयच नव्हती. सॉफ्टवेअरला नंबर चुकला तर कळायचं. ठिपका चुकला तर त्याचं काही म्हणणं नव्हतं, दोन्ही निमूट वाजवून दाखवायचं.

वर ठेवला की सूर गोड लागायचा. खाली ठेवला की खुपायचा, जेवताना दाताखाली खडा यावा तसा. तिला काय हवं होतं? ती गोड बोलणारी बाई नव्हती. पण खडे वेचून टाकणारीही तीच होती.

दुपारी मेव्हणी आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. चहा टेबलावर ठेवून ती म्हणाली की खोलीला कोंदट वास येतोय आणि त्याच्या अंगाला त्याहून जास्त. जरा उठून तोंड धुवा, बाहेर चक्कर मारून या. तो उठला नाही. त्याने तिला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही वाजवून दाखवलं. आधी वरचा, मग खालचा. मग परत.

"तू तिची बहीण," तो म्हणाला. "तूच सांग."

"भावोजी, मला कुठे कळतंय त्यातलं?"

"माहेरी पाच वर्षं एका खोलीत झोपलात दोघी. काहीतरी कळत असेलच की."

तिने परत वाजवायला सांगितलं. त्याने वाजवलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"अडलंय ते एकच आहे," तो म्हणाला. "सगळं पान लागलं. या एकाच ठिकाणी तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी समोर होतो, बघत होतो, तरी कळलं नाही."

वहीबद्दल बोलताना 'मी समोर होतो' असं कुणी म्हणत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, घशात नळी घालून मशीन लावायचं का, लवकर सांगा. बायकोला बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. त्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं आणि आपला हात तिच्या हातात दिला. तिने एकदा दाबला. एकदा म्हणजे हो की एकदा म्हणजे नको, हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. डॉक्टर कागद धरून उभे होते. त्याने सही केली. त्यानंतर ती अकरा दिवस मशीनवर होती. मेव्हणी गावाला गेलेली, ती आली तेव्हा नळी लागलेली होती. या वर्षभरात तिने त्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता आणि त्यानेही काढला नव्हता.

कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. मेव्हणी बोटाने कीबोर्डच्या फटीतली धूळ काढत राहिली.

"मला विचारलं असतं ना त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली, "तर मीही सही केली असती. नाहीतर केली नसती. कळलं मलाही नसतं. मग या खुर्चीत मी बसले असते, आणि चहा तुम्ही आणला असता. तोही पाणचट."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि घालायला विसरून हातात धरून बसला. ती उठली नाही. त्याने गार झालेला चहा पिऊन टाकला.

मग चष्मा लावला आणि माऊस हातात घेतला. ठिपका ओढला, सोडला.

"कुठला ठेवलात?" तिने विचारलं.

"खालचा."

"का?"

"ठेवला."

त्याने तो वाजवून पाहिला नाही. वही जवळ ओढून त्याने पुढच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो रेघेवर नीट बसलेला होता. तो उतरवला. मग त्याच्या पुढचा. त्याने उरलेल्या ओळी मोजल्या, रात्रभर बसलं तर सकाळपर्यंत होण्यासारख्या होत्या. मेव्हणी कप घेऊन उठली, दारापाशी गेली आणि परत येऊन बसली.

"वाचून दाखव," तिच्यापुढे वही सरकवत तो म्हणाला. "रेघ की जागा, एवढंच सांगायचं."

"रेघ," ती म्हणाली. "जागा. जागा. रेघ."