चिंचेच्या कोळात विरलेली तीन वर्षे

मित्रांनो, मला पाहणारा प्रत्येक जण दगड म्हणतो. मी मात्र एका जुन्या प्रवाळाचा गाभा आहे. मोहरीएवढे हजारो जीव एकमेकांना बिलगून राहिले, पायाखाली चुन्याचे घर रचत वर सरकले, वर्षाला जेमतेम नखाएवढे. चाळीस वर्षांचा समुद्र असा थराथरांनी माझ्या अंगात साठला.

तीन वर्षांपूर्वी मालवणकडचे पाणी तापले. आमचे रंग निघून गेले. पांढरे पडणे म्हणजे आमच्यात उपाशी पडणे. शेजारचे कितीतरी जण त्यातून उठलेच नाहीत.

या वैशाखात चंदना पाण्यात उतरली. सांगलीजवळच्या एका द्राक्षबागायतदाराची ही मुलगी समुद्रजीवांचा अभ्यास करते. तिने प्रवाळाच्या माथ्यापासून खोल छेद घेऊन मला काढले आणि भोक सिमेंटने बुजवले. तिला एकच जाणून घ्यायचे होते: त्या तापानंतर आम्ही पुन्हा वाढलो का? वाढलो असू, म्हणजे प्रवाळ अजून सावरू शकतो, तर इथे पर्यटकांच्या होड्यांचे नांगर टाकणे थांबवा, असे तिला पुराव्यानिशी मांडता येणार होते. परवानगी एकाच गाभ्याची होती.

हाडांसारखे माझे थरही एक्स-रेमध्ये दिसतात. तो मिरजेत काढायचा, म्हणून मी तिच्या घरी आलो.

“काय आणलंयस गं हे? लय वास मारतंय,” तिची आई गुणमाला म्हणाली.

चंदना अडखळली. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी आई. जिवंत प्रवाळाला भोक पाडले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

“समुद्रातला दगड हाय,” ती म्हणाली, आणि दोन दिवसांसाठी पुण्याला गेली.

बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, अभिषेक होता. त्याची तांब्या-पितळेची भांडी गुणमालेने चिंचेच्या कोळात घातली होती. माझा वास जाईना, म्हणून तिने मलाही त्यातच उभे केले, वासाचे टोक खाली करून. तोच माझा माथा. शेवटची वर्षे तिथेच होती.

कोळाला फेस आला. “आवं, बघा की, किती मळ सुटतोय!” तिने नवऱ्याला, धनपालांना, हाक मारून दाखवले. दोनदा कोळ बदलला, काथ्याने घासले, उन्हात वाळवून स्वच्छ फडक्यात बांधले. इतक्या मायेने मला आजवर कोणी पुसून टाकले नव्हते.

चंदना परतली आणि मला तसेच बांधलेले मिरजेला घेऊन गेली. एक्स-रे काढणारे शाहनवाजभाई हसले. “पेशंटचं नाव काय लिहू, ताई? आणि वय?”

“वयच काढायला आलोय, भाई.”

फडके सुटले, आणि चंदनाचे हसू मावळले. माझे बोटाच्या पेराएवढे टोक नव्हते. फिल्मवर सदतीस वर्षे उमटली. वर नुसता काळोख.

घरी येताच तिने विचारले, “आई, ह्याचं टोक कुठाय?”

“घासलं की गं. दगड हाय म्हणलीस.”

“दगड न्हाई. जीवांचं घर हाय ते. मी खोटं बोलले.”

गुणमाला स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “जीव हाय म्हणली असतीस, तर हात तरी लावला असता का मी?”

चंदनाचा भाऊ गोमटेश पुढे सरसावला. “एवढं काय त्यात? वाढलंय म्हणून लिही की. कोण बघाय येतंय?”

“एक खोटं झालंय, तेवढं पुरे झालं,” गुणमाला कडाडली.

चंदनाने अहवालात लिहिले: शेवटच्या तीन वर्षांची माहिती नाही. कारण, नमुना काय आहे हे मी घरी खरे सांगितले नाही. अहवाल गेला. आमच्या माथ्यांवर नांगर अजून पडतात.

मित्रांनो, मी वाढलो होतो. पहिल्या वर्षी केसाएवढा, दुसऱ्या वर्षी तांदळाच्या दाण्याएवढा, तिसऱ्या वर्षी पुरता नखभर. चंदनाला हे कधीच कळणार नाही. ज्या थरांवर ते लिहिले होते ते मोरीतून वाहून गेले.

म्हणून विनवतो. मुक्या वस्तूला हात लावण्याआधी ती कोण आहे, ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे, ऐकणाऱ्याचे मन दुखले तरी. दुखावलेली आई चार दिवसांनी बोलू लागते. माझी तीन वर्षे बोलणार नाहीत.