देवाला सांगितलेला पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळात टांगलेली मोठी घंटा नव्हे. तिचा मान वेगळा. मी घरातली, देव्हाऱ्यापुढे बसणारी, एका मुठीत मावणारी. माझ्या दांडीवर गरुड आहे. त्याचा डावा पंख हात लागून लागून गुळगुळीत झाला आहे, तरी तो हात जोडून ताठ बसतो. आवाजाच्या बाबतीत मात्र मी कुणाला हार जात नाही. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात, पण घंटेने वाजायचे नाही तर करायचे काय?

एका ओतारीकाकांनी मला मातीच्या साच्यात ओतले. साचा फोडल्यावर त्यांनी मला टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि शेजारच्याला सांगितले की ही बोलकी निघाली. पुढे एका जत्रेत भगवान नावाच्या तरुणाने मला उचलले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. सोबत त्याची बायको गोदू होती. तिने दहा घंटा वाजवून पाहिल्या आणि मलाच पसंत केले.

ओवे गावातल्या त्यांच्या घरात मी चाळीस वर्षे काढली. भगवान खाडीकडच्या मिठागरावर कामाला जायचा. जाताना मला एकदा वाजवायचा आणि परत आला की पुन्हा एकदा. परसात बसलेल्या गोदूला तेवढे पुरे. संध्याकाळचा माझा नाद ऐकला की ती तांदळाची भाकरी तव्यावर टाकायची. सणासुदीला ती मला चिंच लावून घासायची, तेव्हा गरुडसुद्धा लाजावा अशी मी चमकायची. सुखाचे दिवस होते ते, मित्रांनो. खोटे कशाला सांगू?

मग गावातले घर पाडून तिथे इमारत उठली आणि आम्ही सगळे पनवेलला आलो. भगवानआजोबा, गोदूआजी, त्यांचा मुलगा विनायक, सून समीक्षा आणि नात हेतल. देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला आणि माझ्या शेजारी पाण्याचा फिल्टर आला. तो दिवसभर गुरगुरतो. असो, शेजार काही निवडता येत नाही.

पहिल्याच दिवशी देव मांडता मांडता गोदूआजी थांबली. तिला खरोखरची काळजी पडली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "गावान देवाला आपला घर ठावूक होता. ह्यो पत्ता त्याला कसा कलंल?"

भगवानआजोबा हसले नाहीत. त्यांनी मला हातात घेतले, वाजवले, डोळे मिटले आणि देवाला नवा पत्ता सांगितला. त्या दिवसापासून रोज सकाळी हेच. विनायक एकदा चेष्टेने म्हणाला की बाबा, पिनकोडही सांगा, नाहीतर देव दुसऱ्या पनवेलला जाईल. आजोबांनी हेतलकडून पिनकोड घोकून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तोही जोडला. हेतल त्यांची तालीम घ्यायची आणि चुकले की सगळे पुन्हा म्हणायला लावायची. घरात सगळ्यांना हसू यायचे. मलासुद्धा.

दोन वर्षांनी गोदूआजी गेली. मग पत्त्याच्या शेवटी एक वाक्य वाढले, "गोदू तुज्याकडं हाय." त्यावर मात्र कुणी हसत नसे.

यंदा या घरात प्रणित जन्मला. मूल गोड, पण झोपेचा वैरी. समीक्षा बिचारी रात्रभर जागायची, पहाटे कुठे त्याचा डोळा लागायचा आणि नेमकी तेव्हाच मी खणखणायची. तो दचकून उठायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. समीक्षाने सासऱ्यांना दोनदा सांगून पाहिले की बाबा, जरा हळू वाजवा. ते हो म्हणायचे आणि विसरायचे. हल्ली ते बरेच काही विसरत होते. जेवलो की नाही, चष्मा कुठे ठेवला, आज वार कोणता.

शेवटी एका दुपारी समीक्षाने वातींचा कापूस घेतला, माझ्या पोटात लोंबणाऱ्या जिभेभोवती गुंडाळला आणि वर दोरा फिरवला. ती गाठ मारणार तेवढ्यात गॅसवरचे दूध वर आले. ती धावली, तरी निम्मे दूध ओट्यावर सांडलेच. ती देवालाच चार शब्द सुनावून ओटा पुसत बसली. माझी गाठ तशीच अर्धी राहिली. तिचा मला राग आला असे म्हणू का? आला. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मी रोज पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला हलवले. नुसती थद्द. पुन्हा हलवले. पुन्हा थद्द. त्यांना आधी वाटले आपलेच कान गेले, पण शेजारच्या कुकरची शिट्टी तर ऐकू येत होती. त्यांनी मला खाली ठेवले आणि पत्ता न सांगताच उठले. घंटा वाजल्याशिवाय देवाचे लक्ष कसे जाणार, हा त्यांचा साधा हिशेब. असे चार दिवस गेले. आपली माणसे चार दिवस देवाच्या नजरेआड आहेत, या विचाराने ते ताटावरून अर्धपोटी उठू लागले. घरातल्यांना वाटले, वयामुळे असेल.

पाचव्या दिवशी त्यांनी मला कापडी पिशवीत घातले. बाजारातल्या कासाराकडून मला दुरुस्त करून आणायचे त्यांनी ठरवले होते. मोबाइल उशीखालीच राहिला. समीक्षा न्हाणीघरात प्रणितला अंघोळ घालत होती. एरवी आजोबा बाहेर पडताना मला वाजवायचे, त्यावरून तिला कळायचे. आज तिला काहीच कळले नाही.

आजोबा समोर आली त्या शेअर रिक्षात बसले. बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा रिक्षा पळस्पे फाट्यावर उभी होती आणि सगळे उतरत होते. तेही उतरले. शिमगा नुकताच झाला होता, ऊन रणरणत होते. एकीकडे गोव्याचा रस्ता, दुसरीकडे पुण्याचा, आणि मधून उरणच्या बंदराकडून येणारे कंटेनर धडधडत होते. आजोबा रस्त्याच्या अगदी कडेला उभे राहिले. आपण इथे का आलो, हेच त्यांना आठवेना. पिशवीत हात घालून त्यांनी माझा गरुड घट्ट धरला. मला ओरडायचे होते, अहो मागे व्हा, कुणीतरी या माणसाला धरा! जन्मभर आवाजाचा तोरा मिरवला आणि गरजेच्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आजोबांनी एक पाऊल पुढे टाकले आणि मागून कुणीतरी त्यांचे मनगट धरले.

ती शुक्री होती. डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरून येऊन फाट्यावरच्या चिंचेच्या झाडाखाली चिंचा विकायला बसणारी बाई. तिने आजोबांना सावलीत बसवले, पाणी दिले आणि नाव विचारले. ते सांगता येईना. घर कुठे, तेही नाही. ते म्हणाले, "गोदूला इचार." गोदू कोण, कुठे असते, असे तिने विचारल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला पिशवीतून काढून तिच्यापुढे धरले आणि एवढेच म्हणाले, "ही बोलत नाय."

शुक्रीने मला उलटे केले. चिंचेचा चिकट गर काढणारी तिची बोटे. तिला कापूस लगेच दिसला. दोऱ्याची गाठ अर्धीच होती. एक ओढ दिली आणि कापूस सुटून तिच्या हातात आला. मी खणकन वाजले.

आणि मित्रांनो, आजोबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि रोजच्या चालीवर सुरू झाले. "देवा, मी भगवान. आमी आता ओव्याला नाय. आशालता हाइट्स, बी विंग, तिसरा माला, तीनशे दोन, तलावाच्या मागं, पनवेल." पुढे न अडखळता पिनकोड. "घरान विनायक हाय, समीक्षा हाय, हेतल नि बारका प्रणित हाय. गोदू तुज्याकडं हाय. सगल्यांव नजर ठेव."

शुक्रीच्या लक्षात आले, हा तर घरचा पत्ता. मग तिने ओळखीच्या अंकुश रिक्षावाल्याला हाक मारली, त्याला मोबाइल काढायला लावला आणि मला पुन्हा वाजवले. आजोबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले, अंकुशने लिहून घेतले. चिंचांची टोपली शेजारणीवर सोपवून शुक्री स्वतः रिक्षात बसली. वाटभर तिने आजोबांचा हात सोडला नाही.

फाटकापाशी समीक्षा प्रणितला कडेवर घेऊन उभी होती. विनायक मोटारसायकलवरून बाजार पालथा घालून नुकताच परतला होता. रिक्षातून सासरे उतरताना समीक्षाला दिसले. ती तिथेच पायरीवर बसली आणि रडू लागली. शुक्रीकडे मी आणि तो कापूस बघून तिला सगळे उमगले. ती म्हणाली, "बाबा, कापूस मी घातला होता. माझं चुकलं."

आजोबांचा चेहरा उजळला. "तुवा घातला होता? मंग बरा झाला पोरी. मना वाटला, देवच रुसला."

वर चहा झाला. प्रणित शुक्रीच्या मांडीवर गाढ झोपला, तेही मी दोनदा वाजले तरी! समीक्षाने शुक्रीला पत्ता विचारला, भेटायला यायचे म्हणून. शुक्री हसली. "आमाला कसला पत्ता, ताई? चिंचंखाली बसतंय. घराला नंबरबी नाय."

ती गेल्यावर समीक्षा ओट्याशी आली. ती विनायकला म्हणाली, "त्या दिवशी दूध उतू गेलं म्हणून मी देवाला बोलले होते. ते गेलं नसतं तर गाठ पक्की बसली असती रे." विनायकने मला उचलून देव्हाऱ्यापुढे जागेवर ठेवले. पिनकोडची चेष्टा त्यानेच केली होती.

देवाचे देव जाणे, मी त्याच्या पुढ्यात बसणारी साधी घंटा. पण इतकी वर्षे जवळून बघते आहे. तो मोठ्याने काही सांगत नाही. उतू गेलेले दूध, नातीने घेतलेली तालीम, एका म्हातारीची भोळी शंका, अशा बारीकसारीक गोष्टींतून तो बोट धरतो आणि आपण चिडतो किंवा हसतो. म्हणून माझी एक विनंती आहे, मित्रांनो. घरातली जुनी माणसे रोज तेच ते बोलतात ना, त्यांना ऐका. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना कधीमधी चिंच लावून पुसा. आणि आवाज फारच होत असेल तर तोंडात कापूस कोंबू नका, दार लावून घ्या. समीक्षाने तेच केले.

दुसऱ्या दिवशी तिने आधी प्रणितच्या खोलीचे दार लोटले आणि मग मला स्वतः आजोबांच्या हातात दिले. त्यांनी मला वाजवले, डोळे मिटले, पत्ता सांगितला, सगळ्यांची नावे घेतली. गोदूपाशी आल्यावर नावे रोज संपतात. आज संपली नाहीत.

"आनि देवा, पलस्प्याच्या फाट्याव, चिंचेच्या झाडाखाली, शुक्री. तिच्या घराला नंबर नाय. तरी सोधून काढ."