मुदत संपलेली पिवळी टोपी

मी झ्लाट्कोची टोपी बोलतेय. कापडाची नव्हे, बांधकामावर घालतात ती, कडक प्लास्टिकची. मूळ रंग पिवळा. आता मेलबर्नच्या उन्हाने विटून साईसारखी झालेय.

माझा जन्म साच्यात झाला. आतल्या कडेला जन्मतारखेचा शिक्का आहे, तिथून मोजून काही वर्षांचीच मुदत. आम्हा टोप्यांना वय लपवता येत नाही.

झ्लाट्कोने मला घेतलं तेव्हा तो साधा सुतार होता. त्याचे वडील, योझो, त्याच वर्षी परांचीवरून पडले. मालकाने हात वर केले. तेव्हा युनियनच्या ग्लेनने त्या मालकाची सगळी कामं बंद पाडली. योझोंचा पगार घरी येऊ लागला, तेव्हाच कामं सुरू झाली. त्या दिवशी ग्लेनने माझ्या कपाळावर युनियनचा लाल स्टिकर चिकटवला नि म्हणाला, "आता तू आमचा." झ्लाट्कोला रडू आवरेना. माझा पट्टा भिजला होता.

पुढे झ्लाट्को सेंट्रिंगचा छोटा ठेकेदार झाला. नवी टोपी आली, मी गाडीत मागे पडले. पण स्लॅब ओतायच्या दिवशी तो मलाच घालायचा. बायको चिडवायची, "जाळून टाक ते लक्तर!" तो म्हणायचा, "अगं, हिच्यामुळे आजवर एक स्लॅब बिघडला नाही."

गेल्या उन्हाळ्यात ग्लेन कामगारांच्या पगाराचा करार घेऊन आला. युनियनने तयार केलेला, सगळ्या ठेकेदारांना सारखाच.

"सही कर, गड्या."

"पोरांना वाचू दे की. मत त्यांनी द्यायचंय," झ्लाट्को म्हणाला.

"वाचू दे. पण सहीशिवाय मोठी कामं मिळत नाहीत, ठाऊक आहे ना?"

झ्लाट्कोने सही केली नाही. पगारवाढीला त्याची ना नव्हती. पोरांना न विचारता त्यांच्या वतीने कबूल होणं त्याच्या मनाला पटेना.

मग स्लॅबचा दिवस उजाडला. ऊन भाजून काढत होतं. अर्धा स्लॅब ओतून झाला होता, काँक्रीटचे ट्रक रस्त्यावर पिंपं फिरवत उभे होते, आणि ग्लेन सुरक्षा तपासायला आला. शिड्या बांधलेल्या, कठडे पक्के. तो निघणार, एवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली.

"टोपी दे बघू." त्याने मला उलटं केलं. "मुदत संपलीय."

"दुसरी आहे गाडीत. घालतो लगेच."

"घाल ना. पण एक सापडली म्हणजे सगळ्यांच्या बघायला हव्यात. पंप बंद कर. एकेकाला खाली बोलव. सावकाश."

"अरे, काँक्रीट वाळेल! ओल्या-सुक्याचा जोड राहिला तर सगळा स्लॅब फोडावा लागेल. मी बुडेन, ग्लेन!"

"माणसाच्या डोक्यापेक्षा स्लॅब मोठा का?"

त्याचं खोटं नव्हतं. माझी मुदत खरंच संपली होती. पण बोलता बोलता त्याने करार गाडीच्या बॉनेटवर पसरला होता, त्यावर पेनही ठेवलं होतं. झ्लाट्को कधी ट्रकांकडे बघे, कधी माझ्याकडे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. जिने त्याचं शुभ करायचं, तीच त्याच्या गळ्याचा फास झाली होती.

त्याने सही केली. पंप सुरू झाला.

पोरांचं मतदान नंतर झालं. सळया बांधणारा तुआन हसून म्हणाला, "लग्न लागल्यावर पसंती विचारताय होय, साहेब?" पगार मात्र वाढला, आणि तोही खूश आहे. हेही सांगायलाच हवं.

काही महिन्यांनी युनियनची चौकशी करणाऱ्या सरकारी बाई आल्या. "तुमच्यावर जबरदस्ती झाली का?"

झ्लाट्कोचं पुढचं काम त्याच रस्त्यावर होतं, तिथेही ग्लेन येणारच. वडील अजून लंगडत बागेत फिरतात, तेही त्याला दिसत असतील. तो म्हणाला, "टोपीची मुदत संपली होती, बाई. हे खरं."

आता मी योझोंच्या बागेत खिळ्याला टांगलेय. म्हातारा माझ्यात टोमॅटो तोडून ठेवतो. लाल स्टिकर झ्लाट्कोने खरवडला नाही. खरवडावा असं मलाही वाटत नाही.

बाईंनी मला विचारलं असतं, तर एवढंच सांगितलं असतं. त्या दिवशी ग्लेन सगळ्यांच्या टोप्या तपासणार होता. सही झाल्यावर एकही टोपी न बघता त्याने मला पुन्हा झ्लाट्कोच्या डोक्यावर ठेवलं, थोपटलं आणि निघून गेला.